गिरिजाक्का आणि मंगळसूत्रांचा डबा

अन्याय गिरिजा शिवाप्पा मगदूम यांच्यावर झाला. आणीबाणी उठली त्या वर्षी, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेदहा वाजता, कोल्हापुरातल्या एका सिनेमा स्टुडिओच्या कचेरीत. सतरा वर्षं तिथला कपडेपट सांभाळणाऱ्या बाईच्या हातात चार ओळींचं पत्र ठेवलं गेलं. त्यात कामावरून कमी केल्याचं कारण एकाच शब्दात होतं : हलगर्जीपणा.

तो शब्द खोटा आहे. तेवढं सांगायला मी हे लिहिते आहे. पण ज्यांनी गिरिजाक्का पाहिली नाही त्यांना तो किती खोटा आहे हे कळायचं नाही, म्हणून आधी ती दाखवते.

अक्का मंगळवार पेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. वय पस्तिशीच्या पुढं, उंची बेताची, चालणं भराभर, आणि तोंडात कायम टाचण्या. मी टाचण्या म्हणते, ती त्यांना 'माझं दात' म्हणायची. ओठांच्या एका कोपऱ्यात सात-आठ टाचण्या धरून दुसऱ्या कोपऱ्यानं ती आख्ख्या गल्लीशी बोलू शकायची, आणि एकही टाचणी पडायची नाही. माणूस नवीन भेटला की नाव विचारायच्या आधी ती त्याचं माप घ्यायची, नजरेनंच. मी पहिल्यांदा तिच्या दारात गेले तेव्हा तिनं वर बघून म्हटलं होतं, "बत्तीस. बाही सैल घालतीस, पोक काढून चालतीस. आत ये. नाव काय तुझं?"

तिच्या ताब्यात स्टुडिओचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात चाळीस मंगळसूत्रं. खोटी सगळी, पण प्रत्येक वेगळं. पाटलिणीचं, मास्तरणीचं, गरीब विधवेला आठवणीच्या दृश्यात घालायचं, श्रीमंत सवतीचं. सिनेमातल्या प्रत्येक नवरीच्या गळ्यात ते अक्काच अडकवायची. तिच्या हातानं शंभरएक नट्यांची लग्नं लागली असतील, आणि ती स्वतः बिनलग्नाची. यावर कुणी विनोद केलाच तर ती पदराच्या आत, गळ्यातल्या चांदीच्या पेटीतलं इष्टलिंग चाचपायची आणि म्हणायची, "माझा गळा कुठं मोकळा हाय? देव हाय की गळ्यात. नवरा त्याच्या शेजारी मावला तर घालीन."

लग्न करायचंच नाही असं तिचं मुळीच नव्हतं. आमच्या कॉलेजातल्या स्त्रीमुक्ती मंडळातल्या मुलींना मी तिला 'विवाहसंस्था नाकारणारी कष्टकरी स्त्री' म्हणून दाखवायला नेलं, तेव्हा तिनं माझी चांगलीच फजिती केली. "ह्या पोरीचं ऐकू नका," ती त्यांना म्हणाली. "मला नवरा पायजे. पण मापाचा पायजे."

मापाचा म्हणजे काय, त्याचा एक किस्सा तिची आईच सांगायची. निपाणीकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा कोट घालून आलेला, बरोबर मामा. पोहे झाले, मुलानं घसा खाकरून विचारलं, "रांधायला येतं का?" अक्का त्याच्या मनगटाकडं बघत बसलेली. म्हणाली, "येतं. हा कोट तुमचा न्हाई. बाही दीड इंच लांब हाय. मामांचा असणार, त्यांच्या खांद्याला बसंल." मामा नुसत्या सदऱ्यावर, थंडीत कुडकुडत बसलेले. अक्काची आई आतून कन्नडात "ब्याड, ब्याड" म्हणजे 'नको गं, नको' करत राहिली, पण तोवर पाहुणे चपला शोधत होते. "काय चुकीचं बोलले?" अक्का मला विचारायची. "पयल्याच दिवशी दुसऱ्याच्या कपड्यात आला. छाती अडतीस आणि आवाज बत्तीस."

आणि सिनेमे. शुक्रवार लागला की थेटरात बायकांसाठी राखलेल्या लेडीज क्लासमध्ये अक्का हजर. मारामारीचे नाहीत, देवादिकांचे नाहीत. तिला एकाच जातीचे सिनेमे लागायचे : एकटी मुलगी, नोकरी करणारी, थोडी वयानं वाढलेली, आणि ती जोडीदार शोधते आहे. हसतखेळत, घोटाळे करत. मराठी, हिंदी, आणि रविवारी सकाळी लागणारे इंग्रजीसुद्धा. इंग्रजी तिला एक अक्षर येत नव्हतं. "भाषा कशाला लागती? कपड्यावरनं सगळं कळतंय की," म्हणायची. "बघ, सुरवातीला हिला स्वतःचा कोट हाय. खिशात हात घालून कशी चालती. शेवटाला खांद्यावर त्याचा कोट. संपली पोरगी."

हे ती मोठ्यानं म्हणायची. आजूबाजूच्या बायका अक्का काय बोलते ते ऐकायला तिच्या मागच्या बाकावर जागा धरायच्या. नायकानं गाणं म्हणत नायिकेची वाट अडवली की अक्काचा आवाज यायचा, "अरे पावणं, तिला हापिसाला उशीर व्हतोय." नायिकेनं चष्मा काढला आणि ती एकदम सुंदर दिसू लागली की, "आता ह्याला ती दिसाय लागली, आणि तिला दिसायचं बंद झालं." या सगळ्या सिनेमांवर तिचा एकच अभिप्राय होता. मी त्यावर कॉलेजात अख्खं भाषण ठोकलं होतं, तिचं नाव न घेता, हे आज कबूल करते. "मध्यंतरापर्यंत पोरगी शोधती," अक्का म्हणायची. "मध्यंतरानंतर पोरगीच हरवती."

तरी पुढच्या शुक्रवारी ती असायचीच. मी एकदा चिडून विचारलं, "अक्का, एवढे खोटे असतात तर बघता कशाला?"

"अगं, एखाद्या तरी शेवटात ती सापडंल म्हणून."

आता त्या डब्याकडं येते, कारण तिथूनच पुढचं सगळं झालं. अक्काची बहीण आजऱ्याला दिलेली. महिन्यातून एकदा अक्का एसटीनं तिच्याकडं जायची. एकट्या बाईला एसटीत शेजारची बाई काय विचारते? "पावणं कुठं असत्यात?" नाहीत म्हटलं की आजऱ्यापर्यंत उपदेश. अक्कानं त्यावर उपाय काढला होता. निघताना डब्यातलं एखादं मंगळसूत्र घालायची, आणि जसं मंगळसूत्र तसा नवरा सांगायची. ठसठशीत असलं की नवरा मिल्ट्रीत. साधं असलं की कसबा बावड्याला साखर कारखान्यात, बॉयलरवर. एकदा तर तिनं बोटीवरचा नवरा सांगितला आणि त्याच्या काळजीनं डोळे पुसले. शेजारच्या बाईनंही पुसले.

त्या गाडीला दत्तोबा नावाचे कंडक्टर होते. चाळिशीचे, अविवाहित, तिकीट फाडताना हळू आवाजात बोलणारे. कंडक्टर आणि हळू आवाज, कोल्हापुरात ही गोष्ट सांगितली तर लोक विश्वास ठेवत नाहीत. हा माणूस वर्षभर सगळे नवरे ऐकत होता. एके दिवशी तिकीट देताना वाकून म्हणाला, "बाई, मिल्ट्रीतलं पावणं बरं हायत न्हवं? मागल्या खेपंला तुम्ही त्यास्नी बॉयलरवर ठेवलतासा."

अक्का गडहिंग्लज येईपर्यंत हसत होती. पुढच्या खेपेला ती डब्यातलं काहीच न घालता गेली. दत्तोबांनी गळ्याकडं बघितलं, तिकीट फाडलं, आणि म्हणाले, "मग आता जागा रिकामी हाय म्हणायची."

"अर्ज ठेवून जावा," अक्का म्हणाली. "बघू."

पुढच्या महिन्यात त्या भल्या माणसानं खरोखरच अर्ज आणला. फुलस्केप कागदावर. वय, गाव, रजा कोणत्या दिवशी मिळते, आणि 'स्वयंपाक येतो' असंही. अक्कानं तो मला वाचायला दिला तेव्हा तिच्या तोंडात एकही टाचणी नव्हती. मी म्हटलं, "मग?"

"एक राहिलंय की लिहायचं. लगीन झाल्यावर माझं काम ऱ्हाणार का जाणार, ते न्हाई लिहिलेलं. विचारलंय. विचार करून सांगतो म्हणालाय."

इथपर्यंत सगळं गोड होतं. मग नाना आले. नाना म्हणजे स्टुडिओतले पटकथा लिहिणारे. जेवणाच्या सुट्टीत कपडेपटात येऊन अक्काच्या डब्यातली भाकरी खायची आणि तिच्या गोष्टी ऐकायच्या, असा त्यांचा नेम. नवऱ्यांची गोष्ट ऐकून ते इतके हसले की ठसका लागला. तीन महिन्यांनी तीच गोष्ट पडद्यासाठी लिहून तयार. सिनेमाचं नाव मी घेणार नाही. त्याची फुकट जाहिरात करायला मी बसलेली नाही.

एकटी बाई, खोटी मंगळसूत्रं, एसटीतले खोटे नवरे, कंडक्टर. सगळं अक्काचं. कोटाची बाहीसुद्धा. अक्काला आधी राग आला नाही. "बरं केलं की. माझी पोरगी पडद्यावर येणार," म्हणाली, आणि त्या नटीचे कपडे तिनं जीव लावून शिवले. मग शेवटाचे कागद आले.

शेवट असा : भरल्या एसटीत नायिकेचं खोटं उघडं पडतं. सगळे प्रवासी हसतात. ती रडत कंडक्टरच्या पाया पडते, माफी मागते, 'नोकरी नको, मला घर हवं' म्हणते. मग लग्न. मग शेवटच्या शॉटमध्ये ती गाडीत पुढच्या बाकावर, वाऱ्यावर पदर, कंडक्टर घंटी मारतो, समाप्त.

अक्का कागद घेऊन नानांकडं गेली. मी त्या दिवशी तिथंच होते, मंडळाच्या नाटुकल्यासाठी फेटा मागायला गेलेली.

"नाना, मी माफी न्हाई मागितली. मी हसले. गडहिंग्लजपर्यंत हसले, तुम्हाला सांगितलंय."

"गिरिजाबाई, ही तुमची गोष्ट नाही, सिनेमा आहे."

"मग बाही कुणाची? बॉयलर कुणाचा?"

"पब्लिकला शेवट लागतो हो."

"हा शेवट हाय व्हय? ही तर पोरीची हजेरी घेतल्यागत झाली. दत्तोबा अजून विचार करतोय नाना. त्यानं हे बघितलं तर त्याला वाटंल, असंच असतंय."

नानांनी तिच्या पाठीवर थोपटल्यासारखं हवेत थोपटलं आणि ते पान लावायला निघून गेले.

पुढं काय झालं ते सगळं कोल्हापूर जाणतं, पण उलटं जाणतं. दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी सिनेमा लागला. पहिला खेळ, लेडीज क्लास भरलेला, अक्का मधल्या रांगेत, शेजारी मी. पाया पडणं झालं. लग्न झालं, अक्षता पडल्या, गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र. आणि शेवटचा शॉट. जोतिबाच्या रस्त्यावर गाडी, वारा, पदर उडाला. नवरीचा गळा मोकळा. काळा मणीसुद्धा नाही.

मागून एक म्हातारी ओरडली, "अगं बया, लगीनच झालं न्हाई की."

दुसरी म्हणाली, "काढून ठिवलंय. खोटंच हुतं तेबी."

आणि लेडीज क्लास जो हसत सुटला, तो दिवे लागले तरी थांबेना. पलीकडच्या बाजूला पुरुष एकमेकांना विचारत होते, "काय झालं? काय झालं?" दिग्दर्शक, कॅमेरा धरणारा, फिल्म जोडणारा, नाना, मालक, इतक्या पुरुषांनी तो शॉट पन्नास वेळा बघितला होता. एकालाही गळा दिसला नव्हता. बायकांना एका झटक्यात दिसला. दुसऱ्या आठवड्यात बायका तो गळा बघायला परत येत होत्या, जावांना, नणंदांना घेऊन. सिनेमा त्या गळ्यावर चालला. हे लक्षात ठेवा, कारण मालकांनी ते लक्षात ठेवलं नाही.

शुक्रवारी बाहेर पडताना मी अक्काला कोपऱ्यात घेतलं. "विसरलात?"

अक्काची एक वही होती. प्रत्येक शॉटला कुणाच्या अंगावर काय होतं ते त्यात लिहायची. आज काढलेल्या दृश्याचा पुढचा तुकडा महिन्यानं काढतात, तेव्हा बांगडी तीच लागते, पदर त्याच खांद्यावर लागतो. सतरा वर्षांत त्या वहीत चूक नाही. अक्कानं पिशवीतून वही काढून ते पान माझ्यापुढं धरलं. 'शेवटचा शॉट. लुगडं हिरवं. पदर उजवा. गळा मोकळा, सांगितल्याप्रमाणं.'

"कुणी सांगितलं? नटीनं?"

"न्हाई गं. त्या पिक्चरातल्या पोरीनं."

आता यातला माझा भाग. मला तो सांगायचा नाही, पण पत्रकांत इतरांना जाब विचारत आले तेव्हा माझाही द्यायला हवा. मालक संतापले होते, तरी त्यांनी अक्काला मार्ग दिला होता : 'चुकून राहिलं' एवढं लिहून दे, दिवाळी झाली की विषय संपला. अक्का विचार करत होती. लिहूनही दिलं असतं कदाचित. पोटाचा प्रश्न होता, आई म्हातारी. आणि मी काय केलं? भाऊबीजेच्या दिवशी पत्रक काढलं. मथळा, 'ती चूक नव्हती, तो निषेध होता!' उद्गारचिन्ह माझंच. मंडळाच्या मुलींनी ते स्टुडिओच्या फाटकावर, बिंदू चौकात, रंकाळ्यावर वाटलं. अक्काला मी विचारलं नव्हतं.

सोमवारी ते पत्र तिच्या हातात पडलं. मी तिच्या दारात गेले तेव्हा ती उंबऱ्यात बसून शिवत होती. मी रडायच्या बेतात. तिनं दोरा दातानं तोडला.

"निषेध म्हंजे काय गं?"

मी सांगितलं.

"मग मी ते केलं हुतं म्हण की. पण तू बोंब मारल्यावर मला चूक झाली असं लिहिता येईना. लिहिलं तर तू खोटी पडणार." मग सुईत दोरा ओवत, "आणि ती पोरगी बी."

मालकांचा डाव मात्र बघा. गावभर पत्रक गेलेलं, तरी त्यांनी 'मुद्दाम केलं' असं लिहिलं नाही. तसं लिहिलं असतं तर का केलं, असं कुणीतरी विचारलं असतं. मग शेवटाबद्दल बोलावं लागलं असतं. म्हणून हलगर्जीपणा. बाईनं विचार केला हे मान्य करण्यापेक्षा बाई विसरली हे सोपं. तो कागद घेऊन ती दुसऱ्या दोन ठिकाणी काम मागायला गेली. दोन्हीकडं तो शब्द वाचून परत पाठवलं.

पुरुषांविषयी माझी मतं कडक आहेत आणि ती बदलायचा माझा विचार नाही. पण नोंद म्हणून लिहिते, की त्या आठवड्यात सगळ्यात शहाणं एक पुरुषच बोलला. दत्तोबांच्या गाडीत लोक त्यांना छळत होते, "काय कंडक्टर, मंडळी पाया पडली का?" त्यांनी रजा काढून सिनेमा बघितला आणि संध्याकाळी मंगळवार पेठेत आले. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "गळा तुम्हीच मोकळा ठेवलासा?"

"व्हय."

"बरं केलंसा. मला पाया पडलेलं सोसत न्हाई." आणि अक्काकडून तो अर्ज मागून घेऊन, भिंतीला टेकवून, शेवटी राहिलेली ती एक ओळ लिहून परत दिला. काय लिहिलं, मी विचारलं. अक्कानं सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या, एवढं मी पाहिलं.

पुढं तिची आई गेली आणि अक्का आजऱ्याला निघून गेली. मी शिक्षणात, मोर्चात. चार-पाच वर्षं भेट नाही. गेल्या हिवाळ्यात आजऱ्याला काजूच्या कारखान्यातल्या बायकांची सभा होती. सभा लवकर उरकली, शेजारच्या शाळेत स्नेहसंमेलन चाललेलं, मी डोकावले. पडद्यामागं चाळीसएक पोरी, कुणी शेवंता, कुणी राणी, कुणी झाड. आणि मधे गिरिजाक्का, गुडघ्यावर बसून एका झाडाला पानं टाचत होती. केस पिकलेले. माझ्याकडं वर बघितलं.

"चौतीस झालीस," ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाली. "पोक तसंच हाय."

मी तिच्यापुढं बसले. शाळेची शिवणाची शिक्षिका आहे, असं कळलं. तात्पुरती. कायम करायला आधीच्या कामाचा चांगला दाखला लागतो, आणि तिच्याजवळ आहे तो एकच कागद. ते तिनं हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

"आजऱ्यालाच का राहिलात अक्का?"

"कोल्हापूरची बस रातीला हितंच मुक्कामाला असती न्हवं."

"कुणाची?"

"सरकारची," ती म्हणाली, आणि झाडाला वळवून पाठीमागची पानं लावू लागली.

मी म्हटलं, मी हे सगळं लिहिणार आहे. तेव्हा मात्र तिनं टाचण्या हातात घेतल्या. "लिही. पण आधी मला दाखवून लिही. आणि उद्गारचिन्ह घालू नको, दचकाय हुतंय." हे मी तिला दाखवलं आहे. एके ठिकाणी तिनं खोडलं, ते मी खोडलेलंच ठेवलं आहे.

तेवढ्यात घंटा झाली. ती झाडाच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "चल, हो पुढं. वाकू नको. कुणी हसलं तर तू बी हास." झाड रंगमंचावर गेलं आणि अक्का विंगेत उभी राहून, ओठ हलवत, त्याच्या एका वाक्याची वाट बघत राहिली. मी मागून निघून आले. तिला कळलंही नाही.

आता तुमचं काम. हा सिनेमा अजून जत्रांमधून तंबूत फिरतो, तुमच्या गावातही येतो, आणि त्याच्या सुरुवातीच्या नावांत गाडी देणाऱ्याचं नाव आहे, म्हशीच्या मालकाचं आहे, तिचं नाही. दोन ओळींचं कार्ड स्टुडिओच्या मालकांना लिहा. पत्ता कोल्हापुरात कुणीही सांगेल. पहिली ओळ : हलगर्जीपणा हा शब्द लेखी मागं घ्या आणि गिरिजा शिवाप्पा मगदूम यांना सतरा वर्षांच्या कामाचा दाखला द्या. दुसरी ओळ : कपडेपट आणि कथा यांच्यापुढं त्यांचं नाव लावा. खाली सही करा. विचार करू, बघू, असं मला सांगू नका. कार्ड आजच टाका.